गलक्यातलं गलक्यात

आमच्या आईला लोक विचारतात, "मोठा काय करतो?" आई सांगते, "अभिनय." समोरच्याचा चेहरा लगेच खुलतो. "अरे वा, कशात दिसतो?" "दिसत नाही," आई म्हणते, "ऐकू येतो." "मग काय बोलतो?" इथे आई जरा थांबते, चष्मा पुसते आणि खरं काय ते सांगून टाकते. "ते ऐकू येत नाही."

आईचं काही चुकत नाही. माझा दादा गर्दी करतो. सिनेमात निकाल लागला की कोर्टात जी कुजबुज उठते, दवाखान्याच्या रांगेत मागे जी बडबड चालू असते, ती चित्रीकरणाच्या वेळी झालेलीच नसते. तेव्हा मागची माणसं नुसते ओठ हलवत असतात, म्हणजे पुढच्या दोघांचं बोलणं स्वच्छ मिळावं. आवाज नंतर भरतात, आणि तो भरतात पाच माणसं, एका बंद खोलीत, चपला बाहेर काढून. या आवाजाला धंद्यात गलका म्हणतात. दादा एकोणीस वर्षं गलका करतोय आणि त्यावर त्याचं नि आईचं व्यवस्थित चाललंय.

तो वनस्पतीशास्त्राचा पदवीधर आहे, हेही सांगायला हवं, कारण आईने ती पदवी काचेत घालून बाहेरच्या खोलीत लावलेली आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे बावीस वर्षांपूर्वी, त्याच्या वर्गाने नाटक बसवलं होतं. दादाला एकच वाक्य होतं, शत्रू वेशीपर्यंत आला आहे, एवढंच. तो धावत मंचावर आला, राजासमोर उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. राजा झालेला त्याचा मित्र दोनदा म्हणाला, "बोल, दूता." दूत काही बोलेना. शेवटी राजानेच खिडकीतून डोकावून शत्रू पाहिला. मात्र त्याच नाटकात पडद्यामागून प्रजेचा आवाज द्यायचा होता, तिथे दादाने चार पोरांना हाताशी धरून असा काही कल्लोळ उठवला की प्रेक्षक माना वळवून मागे बघायला लागले. मी स्वतः वळले होते. तो राजा पुढे पडद्यावरचा हिरो झाला आणि आम्ही अजून त्याला हिरोच म्हणतो. दादाला गलक्याचं पहिलं काम त्यानेच मिळवून दिलं.

दादाचं असं आहे की चार माणसं सोबत बोलत असतील तर तो दंगल पेटवेल, पण एकट्याला दुकानदाराकडे सुट्टे मागायचे असले तरी तो मला पुढे करतो. घरी आई आणि मी, आमच्याशी बोलतो तेवढंच.

मी त्याची धाकटी बहीण. शाळेत गणित शिकवते, दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि माझं डोकं लवकर तापतं हे आधीच सांगून ठेवते. सुट्टीच्या दिवशी गर्दीत माणूस कमी पडला की दादा मला नेतो, कारण माझा आवाज तिसरीच्या वर्गावर तयार झालेला आहे. गर्दीत बाकी चौघं. दादा. मुलांचे आवाज काढणाऱ्या वकीलबाई. म्हाताऱ्यांचे आवाज काढणारा, इतिहासाची पदवी घेतलेला आजोबा, वय वर्षं तीस. आणि एक मावशी, ज्या काहीही काढतात. अख्ख्या शहरात एवढी शिकलेली गर्दी सापडायची नाही.

या कामाला नियम फार. कडक इस्त्रीचे कपडे चालत नाहीत, कारण ते वाजतात. किल्ल्या, नाणी, बांगड्या बाहेर. कुणाचं नाव घ्यायचं नाही, नाव कानाला लगेच सापडतं. पोट गुरगुरू नये म्हणून दादा आत जाण्याआधी अर्धं केळं खातो. पण सगळ्यांत मोठा नियम दादाने स्वतः घातलेला आहे: गलक्यात खरं बोलायचं. तोंडाला येईल ते बडबडायचं नाही. त्याचं म्हणणं, उगाच बडबडणारा माणूस एका लयीत बोलतो. खरं सांगणारा अडखळतो, मागे जातो, मध्येच श्वास घेतो. गर्दीला ते अडखळणंच लागतं. त्यामुळे आजोबा घरमालकाविषयी बोलतो, मावशी नणंदेविषयी. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंविषयी मी आजवर तीन लग्नांत, एका दंगलीत आणि एका राज्याभिषेकात बोललेली आहे.

आणि मग ओघानेच दुसरा नियम आला. गलक्यातलं गलक्यात. आत कोण काय बोललं ते बाहेर काढायचं नाही. तसं आम्हाला एकमेकांचं कळतही नाही, कारण आपलं तोंड चालू असलं की शेजारच्याचं काही कानात शिरत नाही. सगळं ऐकतो तो एकच माणूस, काचेपलीकडे बसलेले ध्वनिमुद्रक काका. पाच माणसांचे पाच माईक, प्रत्येकाचा आवाज वेगळा धरलेला, आणि काका कानाला हेडफोन लावून पाचही तपासतात. भिंतीवरचा स्पीकर ते गलक्याच्या वेळी बंद ठेवतात. नियम पाळायचा म्हणजे पाळायचा. काका तोंडाला कुलूप लावून बसतात आणि पित्ताच्या गोळ्या खातात. त्यांना एवढं पित्त कशाचं, हे मला फार उशिरा कळलं.

आता वकीलबाई. कायद्याची पदवी घेतली आणि कोर्टाची पायरी चढल्या त्या फक्त गलक्यात. लहान मुलांचं रडणं त्यांना आठ तऱ्हेचं येतं. भुकेचं वेगळं, हट्टाचं वेगळं, पडल्यावर आजूबाजूला कुणी बघतंय का हे पाहून काढलेलं वेगळं. बोलायला तोंडाळ, मनाने साफ. कुणी काहीही सांगितलं की त्या विचारतात, "पुरावा?" आजोबा म्हणाला की आज मी लवकर उठलो, की त्या म्हणणार, "पुरावा?"

दादा अर्धं केळं खायचा, आणि उरलेलं अर्धं वकीलबाईंना द्यायचा. चार वर्षं. ते देताना काही बोलायचा नाही, त्याही घेताना काही बोलायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं होतं की दादा, निदान एक अख्खं तरी दे. त्यावर त्याचे कान लाल झाले आणि तो विषय तिथेच संपला.

मग एका शनिवारी चहा पिताना वकीलबाईंनी सांगितलं की त्यांना दुसऱ्या शहरात बोलावणं आलंय. मुलांच्या कार्यक्रमासाठी आवाज द्यायचा, कायमची नोकरी, राहायला जागासुद्धा. "परवाच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचंय," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांकडे एकदा बघितलं. आजोबाने अभिनंदन केलं. मावशींनी पाठ थोपटली. दादा केळ्याची साल हातात धरून उभा होता.

त्या संध्याकाळी मी आईकडे गेले तर दादा मोरीत एकच कप घासत होता. मी पाच मिनिटं बघत राहिले, कप तोच.

"सांग तिला," मी म्हटलं.

"सांगितलंय."

मी स्टुलावर बसलेच. "कधी?"

"चार वर्षांपूर्वी. मग दर शनिवारी सांगतोय."

"मग ती काय म्हणते?"

"काही नाही. तिला ऐकू जात नसणार."

"ऐकू जात नसणार म्हणजे? कुठे सांगतोस तू?"

दादाने नळ बंद केला. "गलक्यात."

मी कपाळाला हात लावला. त्याने हळूहळू सगळं सांगितलं. पहिल्यांदा मागणी घातली ती बंदरावर, जहाज सुटताना. मग विमानतळावर. दवाखान्यात दोनदा. फुटबॉलच्या मैदानात तर ओरडून. एकदा भूकंपातसुद्धा.

"अरे, मग बाहेर येऊन एकदा बोल ना. दोन हात अंतरावर उभी असते ती."

"बाहेर मी एकटा असतो गं," दादा म्हणाला.

मला त्याचा इतका राग आला की मी पिशवी उचलून निघाले, आणि जिन्यात मला रडू आलं. हा माणूस माझ्या शाळेच्या फीसाठी सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन-तीन ठिकाणी गर्दी करून आला होता. त्याला एक वाक्य बोलता येत नाही म्हणून त्याचं आयुष्य हातातून निसटणार होतं, आणि मला यात काही म्हणजे काही करता येत नव्हतं. वकीलबाईंना मी परस्पर सांगितलं असतं तर गलक्यातलं गलक्यात हा नियम मोडला असता, आणि तोही त्याच्याच नियमातून आलेला.

पुढचा शनिवार उजाडला. काम मोठं होतं, कोर्टाबाहेर निकालाची वाट बघणारी दोनशे माणसं. माझ्या शाळेला सुट्टी होती आणि मावशींचा घसा बसला होता, म्हणून मी गेले. काकांनी आम्हा चौघांना मोजलं, पोटावर हात दाबला, एक गोळी घेतली आणि म्हणाले, "आज एकेकट्याने करू या. प्रत्येकाने तीन-तीनदा, वेगवेगळ्या पट्टीत. मी एकावर एक चढवतो."

दादाचा रंगच उडाला. एकोणीस वर्षांत तो त्या खोलीत एकटा कधी उभा राहिला नव्हता.

"तू शेवटी," काका त्याला म्हणाले. "तुझ्या कानात या तिघांचा गलका लावतो. एकटा नसशीलच."

आधी मी गेले आणि मुख्याध्यापिकाबाईंची नवी बातमी होती ती सांगितली. मग आजोबा. मग वकीलबाई. दार जाड, स्पीकर बंद, त्यामुळे आम्ही बाहेर काकांच्या मागे उभे राहून चहा पीत होतो आणि काचेतून त्यांचे नुसते हात हलताना दिसत होते. काका हेडफोन लावून मान खाली घालून बसले होते. मग दादाची पाळी आली. तो अर्धं केळं खाऊन, उरलेलं वकीलबाईंच्या हातात ठेवून आत गेला. त्याने हेडफोन चढवला. लाल दिवा लागला.

सुरुवात बरी झाली. दादाचे ओठ हलायला लागले, हातवारे सुरू झाले. मग मी पाहिलं, काकांनी समोरची, आवाज कमी-जास्त करायची एक पट्टी हळूच खाली सरकवली. ती माझी. मग दुसरी सरकवली, आजोबाची. तिसरी वर नेली.

दादाच्या कानात त्या वेळी काय गेलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आताच सांगते, कारण आता ते गुपित राहिलेलं नाही. वकीलबाई म्हणत होत्या, "पुस्तकं वेगळ्या खोक्यात, भांडी वेगळी. जायचं आहे खरं, पण जावंसं वाटत नाही. हा माणूस चार वर्षं अर्धं केळं देतो आणि पुढे बोलत नाही. एकदा थांबा म्हणाला असता तर थांबले असते. दर शनिवारी मी इथे हेच सांगते, आणि हा आपला शेजारी उभा राहून बडबडतो. काय बडबडतो देव जाणे."

आम्हाला दिसलं ते इतकंच की दादाचे हात हवेतच राहिले आणि तोंड बंद झालं. लाल दिवा चालू. दादा काचेतून आमच्याकडे बघत होता, पण त्याला आम्ही दिसत असू असं वाटलं नाही.

"घाबरले ते," वकीलबाई म्हणाल्या. "त्यांना एकट्याला नाही जमत, माहीत आहे ना तुम्हाला काका. मी जाते सोबतीला."

काकांनी फक्त दाराकडे मान हलवली. 

वकीलबाई चपला काढून आत गेल्या, दादाच्या समोरच्या माईकपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याच्यासाठी गर्दी सुरू केली. एकटीने, दोनशे माणसांची. त्यांनी हाताने खूण केली की चला, तुम्हीही या. आता दादाला सोपं होतं. चार वर्षं जे करत आला तेच करायचं, त्यांच्या आवाजाखाली लपून पुन्हा एकदा सगळं म्हणायचं आणि चहा प्यायला बाहेर यायचं. मला वाटलं हा तेच करणार. मी काचेला नाक लावून मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते.

दादाने हेडफोन काढून खाली ठेवला. तो बोलला नाही. तो ऐकत होता.

वकीलबाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. त्यांचे ओठ हळू झाले. मग थांबले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

"आता गलका नाहीये," काका म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरचा स्पीकर चालू केला.

स्पीकरमधून फक्त दादाचा श्वास येत होता. दादाचा श्वास येत होता. मी शाळेत शंभर मुलांना गप्प बसवते, पण इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आजोबाने माझा दंड घट्ट धरला होता आणि त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

"वकीलबाई," दादा म्हणाला. आवाज फाटला. "जायचं असेल तर जा. पण मीही तेच म्हणतोय. चार वर्षं. थांबा, असंच म्हणतोय."

दूताने एकदाचा निरोप पोचवला होता. उशीर बावीस वर्षांचा होता, पण पोचवला. वकीलबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी सवय जाते कुठे.

"पुरावा?" त्या म्हणाल्या.

काकांनी खोलीत बोलायचं बटण दाबलं. "आहे," ते म्हणाले. "दीडशेच्या वर शनिवार आहेत. सगळे ठेवलेत. दोन्ही पक्षांचे."

वकीलबाई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. आठ तऱ्हेचं रडणं येणारी बाई, पण हे त्यातलं एकही नव्हतं. दादा शेजारी बसला आणि त्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने त्यांच्या मुठीतलं अर्धं केळं काढून बाजूला ठेवलं, चेंगरलं होतं ते.

बाहेर मी काकांवर उखडले. चार वर्षं मूग गिळून बसलात, तुम्हाला काही वाटलं नाही का, असं बरंच बोलले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "आणि आजही मी कुणाला काही सांगितलेलं नाही. त्याच्या कानात गलका लावला. ते माझं काम आहे." मग खिशातून गोळ्यांची डबी काढून त्यांनी ती कचऱ्याच्या टोपलीत टाकली. माझा सगळा राग तिथेच उतरला आणि मी त्यांच्या गळ्यात पडून मनसोक्त रडले.

वकीलबाईंनी सोमवारी नोकरी नाकारली नाही, कुणी तसं समजू नये. दर महिन्याला दहा दिवस येईन, बाकी आवाज इथून पाठवीन, असं कळवलं, आणि त्या लोकांनी मान्य केलं. दादाचं काय, तो सुधारला का? छे. दुकानात सुट्टे मागायला अजून मलाच पुढे करतो.

लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं. लांबट खोली, एक टेबल, तीन खुर्च्या, एक कारकून. दादाच्या बाजूने साक्षीला हिरो आला होता, त्यामुळे कारकुनाचं लक्ष सगळं हिरोकडेच. वकीलबाईंनी आपलं वाक्य खणखणीत म्हटलं. मग कारकून दादाकडे वळला. "तुम्ही म्हणा. मान्य आहे."

दादाने तोंड उघडलं. काही आलं नाही.

कारकुनाने वर बघितलं. "मान्य नाही का?"

हिरो हळूच म्हणाला, "बोल, दूता." त्याचा काही उपयोग झाला नाही. मी काकांकडे बघितलं, काकांनी मान हलवली. आणि आम्ही सुरू केलं. मी, आजोबा, मावशी, हिरो आणि एकोणीस वर्षं काचेपलीकडे गप्प बसलेले काकासुद्धा. खालच्या पट्टीत, नावं न घेता, प्रत्येकाने आपापलं खरं. कारकून म्हणाला, "अहो, शांतता राखा," पण कुणी राखली नाही. खोली भरून गेली. दादाचे खांदे सैल झाले, त्याने वकीलबाईंकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाला, "मान्य आहे."

सही झाली तरी आमचं चालूच होतं, कारण माझ्या शेजारी एक नवा आवाज लागला होता. आई. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ती हात जोडून, दादाच्या पाठीकडे बघत, अडखळत, मागे जात, मध्येच श्वास घेत बोलत होती. मी माझं तोंड बंद केलं आणि ऐकलं.

आई काय म्हणत होती ते मला शब्द न् शब्द ऐकू आलं. पण ते मी सांगणार नाही.